बुडतो तो कोण? बाप्तिस्म्याचा आतला अर्थ

येशू यार्देन नदीत का उतरला, हा प्रश्न पहिल्या शतकांपासून ख्रिस्ती लोकांना अडवत आला आहे. बाप्तिस्मा करणारा योहान सांगत होता, पापं कबूल करा, मन पालटा आणि पाण्यात उतरा. यरुशलेमेतून, यहूदीयाच्या गावागावांतून माणसं त्याच्याकडे येत होती. त्यांच्यात एक दिवस नासरेथचा येशूही येऊन उभा राहिला. त्याच्यात पाप नव्हतं, अशी तर चर्चची श्रद्धा. मग धुवून काढायचं ते काय? मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, खुद्द योहानच कचरतो. बाप्तिस्मा मी तुझ्या हातून घ्यायचा, आणि तूच माझ्याकडे आलास, असं तो म्हणतो. येशू त्याला एवढंच सांगतो की आता असंच होऊ दे.

बाप्तिस्मा म्हणजे पाप धुण्याचा विधी, एवढाच अर्थ हाती धरला तर हा प्रसंग उलगडत नाही. तो अर्थ खोटा नाही. शास्त्रात तो आहे आणि चर्च तो शिकवतं. पण त्याच्याखाली आणखी एक थर आहे. वाळवंटातले तपस्वी, मठांतले साधक, सिरियातले आणि ग्रीक भाषेत लिहिणारे धर्मगुरू यांनी त्या थराविषयी पुष्कळ लिहून ठेवलं आहे. त्यांच्या मते पाण्यात उतरताना माणसाच्या जाणिवेचं केंद्रच हलतं. आजवर ज्या ‘मी’च्या आधारानं तो जगाकडे बघत होता तो ‘मी’ बुडतो, आणि वर येणारा माणूस दुसऱ्याच ठिकाणाहून बघू लागतो. हे नुसतं वाचून पटण्यासारखं नाही, म्हणून सुरुवात नदीपासूनच करू.

ज्यू समाजात शुद्धीसाठी पाण्यात बुडी घेण्याची रीत जुनी होती. यरुशलेमेत आणि मृत समुद्राकाठच्या कुमरान इथं पायऱ्यापायऱ्यांचे असे हौद उत्खननात सापडले आहेत. ते स्नान माणूस स्वतःच करायचा, आणि पुन्हा पुन्हा करायचा, कारण अशुद्धीही पुन्हा पुन्हा लागायची. योहानाकडे आलेला माणूस मात्र दुसऱ्याच्या हाती स्वतःला सोपवत होता, आणि आयुष्याला वळण देणारं पाऊल म्हणून ते करत होता. जागाही साधी नव्हती. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सुटलेले इस्राएल लोक चाळीस वर्षं रानात भटकून शेवटी आपला पुढारी यहोशवा याच्याबरोबर ज्या नदीतून वचनदत्त देशात शिरले, ती हीच यार्देन. तिच्यात पुन्हा उतरायचं म्हणजे आपण अजून त्या देशात पोचलेलोच नाही, सुरुवात नव्याने करायला हवी, हे कबूल करणं.

दुसऱ्याच्या हाती सोपवण्याचा हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. बाप्तिस्मा स्वतःच स्वतःला देता येत नाही. 1609 मध्ये ॲमस्टरडॅममध्ये राहणाऱ्या जॉन स्मिथ या इंग्रज धर्मोपदेशकाने तसं केलं होतं, आपल्याला योग्य बाप्तिस्मा देणारं चर्च उरलेलंच नाही असं वाटून. पुढे त्यालाच ते पटेना आणि तो मोठेपणीच बाप्तिस्मा देणाऱ्या मेनोनाइट मंडळीकडे वळला. जो ‘मी’ बुडायला हवा, त्याच्याच हाती बुडवण्याचं काम दिलं तर तो शिताफीनं कोरडा राहतो. योहानापेक्षा थोर असूनही येशू योहानाच्या हाताखाली वाकला, यात तेच दिसतं.

आता पाण्यातून वर येण्याचा क्षण. मार्कचं शुभवर्तमान चारांतलं सर्वांत जुनं मानलं जातं, आणि त्यात हा प्रसंग अवघ्या तीन वचनांत येतो. येशू वर येतो तोच त्याला आकाश फाटलेलं दिसतं, आत्मा कबुतरासारखा उतरताना दिसतो, आणि वाणी ऐकू येते: तू माझा पुत्र, मला परमप्रिय आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. मार्क इथं गर्दीचा उल्लेख करत नाही. बघणारा येशू आहे आणि वाणीही थेट त्याच्याशीच बोलते. घटना त्याच्या जाणिवेत घडते आहे. याच शुभवर्तमानाच्या शेवटी येशू वधस्तंभावर प्राण सोडतो तेव्हा मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटतो. देव आणि माणूस यांच्यामधला आडपडदा पहिल्यांदा नदीवर फाटला, दुसऱ्यांदा मृत्यूच्या क्षणी. बाप्तिस्मा आणि मृत्यू यांची गाठ मार्कनं अशी सुरुवातीलाच मारून ठेवली आहे.

त्या वाणीची वेळ बघा. येशूनं तोवर एकही चमत्कार केलेला नाही. एकही प्रवचन दिलेलं नाही, एकही शिष्य गोळा केलेला नाही. परमप्रिय म्हणवून घ्यायला लागेल असं त्याच्या नावावर, मार्कच्या वाचकाला दिसेल असं, काहीच जमा नाही. आणि तरी पिता संतुष्ट आहे. साधक या ठिकाणी थांबतात, कारण आपली सगळी जाणीव याच्या उलट दिशेनं घडलेली असते. आधी काही करून दाखवायचं, मग आपण कुणाला तरी हवेसे होऊ. ‘मी’ नावाची जी गोष्ट आपण आयुष्यभर सांभाळतो, ती बहुतेक याच हिशेबातून उभी राहिलेली असते: काय मिळवलं, कोण काय म्हणालं, कुठं कमी पडलो, कुणाच्या पुढे आहोत, कुणाच्या मागे.

लगेच पुढे आत्मा येशूला रानात घालवतो. चाळीस दिवसांचा उपास होतो आणि सैतान त्याच्यापुढे येतो. मत्तय आणि लूक यांनी दिलेलं सैतानाचं पहिलंच वाक्य सुरू होतं ते असं: तू देवाचा पुत्र असशील तर. नदीवर जे विनाअट सांगितलं गेलं होतं, त्याला इथं अट जोडली जाते. पुत्र आहेस ना, मग सिद्ध कर. धोंड्याची भाकर करून दाखव. सैतानाला भाकरीशी देणंघेणं नाही. येशूनं पुन्हा त्या जुन्या हिशेबात उतरावं, स्वतःची ओळख स्वतः कमवायला लागावं, एवढंच त्याला हवं आहे. येशू उतरत नाही. बाप्तिस्म्यानं जाणिवेत काय बदलतं याचं इतकं नेमकं चित्र मला दुसरीकडे सापडलेलं नाही. भूक तीच आहे, रान तेच आहे, धोंडेही तेच आहेत. पण सिद्ध करण्याची गरज गेलेली आहे.

येशूनंतर त्याचा संदेश गावोगाव नेणाऱ्या प्रेषित पौलानं या सगळ्याला सर्वांत धारदार शब्द दिले. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात तो विचारतो: ख्रिस्त येशूमध्ये ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांनी त्याच्या मरणात बाप्तिस्मा घेतला, हे तुम्हाला ठाऊक नाही काय? आपण त्याच्याबरोबर पुरले गेलो, यासाठी की तो मेलेल्यांतून उठला तसं आपणही नव्या जीवनात चालावं. म्हणजे बाप्तिस्म्याचं पाणी पौलाला थडग्यासारखं दिसतं. ही कल्पना त्यानं हवेतून आणलेली नाही. येशूनंच आपल्या येणाऱ्या मृत्यूला बाप्तिस्मा म्हटलं होतं. याकोब आणि योहान हे त्याचे शिष्य असलेले दोघे भाऊ गौरवात उजवी-डावी जागा मागायला आले, तेव्हा त्यानं त्यांना विचारलं, मी जो बाप्तिस्मा घेणार आहे तो तुम्हाला घेता येईल का? लूकमध्येही तो म्हणतो की मला एक बाप्तिस्मा घ्यायचा आहे आणि तो होईपर्यंत माझा जीव कोंडला आहे. नदीतला बाप्तिस्मा तर केव्हाच झाला होता. पुढच्याच बाप्तिस्म्याविषयी तो बोलत होता.

मरतं काय, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण इथं गैरसमज फार होतात. अहंकार म्हटलं की आपल्याला गर्विष्ठ माणूस आठवतो. पण स्वतःला सतत हीन लेखणारा माणूसही तितकाच स्वतःभोवती फिरत असतो. कौतुकानं फुगणं आणि टीकेनं कोसळणं ही एकाच ‘मी’ची दोन रूपं आहेत. पौल ज्याला ‘जुना मनुष्य’ म्हणतो तो हाच. तो वाईटच असतो असं नाही. कष्टाळू, सज्जन, धार्मिकही असतो. पौल स्वतः तसाच होता. परूशी या ज्यू पंथाचा होता, नियम काटेकोर पाळणारा होता, आणि त्याच नेकीच्या भरात येशूच्या अनुयायांना तुरुंगात टाकत होता. स्वतःला जगाच्या मध्यभागी ठेवून प्रत्येक गोष्ट ‘यात माझं काय’ या खिडकीतून बघणं, हे त्या जुन्या मनुष्याचं मूळ लक्षण.

माणसाचा स्वभाव, आठवणी, बुद्धी, चेहरा, नातीगोती यांपैकी काही मरत नाही. पौलाचा बाप्तिस्मा झाल्यावरही त्याचा तापटपणा त्याच्या पत्रांतून जागोजागी डोकावतो. गलतीकरांस पाठवलेल्या पत्रात तो लिहितो की मी ख्रिस्ताबरोबर वधस्तंभावर खिळलेला आहे, ह्यापुढे मी जगतो असं नाही, तर ख्रिस्त माझ्या ठायी जगतो. आणि त्याच दमात पुढे म्हणतो, आता देहात जे जीवन मी जगतो ते विश्वासानं जगतो. ‘मी’ गेला म्हणता म्हणता ‘मी’ परत आलाच. पण परतला तो मालक म्हणून नव्हे. आधी जीवन त्याचं होतं, आता तो त्या जीवनाचा झाला. जाणिवेचं केंद्र सरकणं म्हणतात ते हे. मतं बदलणं वेगळं, काही काळ मन भरून येणं वेगळं. दोन्ही चांगलीच आहेत, पण ‘जिथून बघतो ती जागा’ बदलल्याशिवाय ती टिकत नाहीत.

सुरुवातीच्या चर्चनं हे तत्त्वज्ञान म्हणून शिकवलं नाही, अंगाला करायला लावलं. पहिल्या शतकाच्या अखेरची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची एक छोटी नियमपुस्तिका, दिदाखे, सांगते की बाप्तिस्मा वाहत्या पाण्यात द्यावा, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, थंड नसेल तर कोमट, आणि तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावं. विधीआधी उपास हवाच. बाकी तपशिलात ती सैल आहे. चौथ्या शतकात यरुशलेममध्ये हा विधी किती पूर्ण रूपाला आला होता, ते तिथले बिशप सिरिल यांच्या नावे असलेल्या प्रवचनांतून कळतं. ही प्रवचनं त्यांच्यानंतरचे बिशप योहान यांची असावीत असंही काही अभ्यासक मानतात. ती दिली गेली ती जागा म्हणजे कॉन्स्टंटाइन बादशहाने ख्रिस्ताच्या थडग्याभोवती बांधवलेलं चर्च. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ते थडगं होतं.

आधी बाहेरच्या दालनात उमेदवाराला पश्चिमेकडे तोंड करून उभं करत. पश्चिम म्हणजे सूर्य बुडतो ती अंधाराची दिशा. तो हात पुढे करून, सैतान जणू समोरच उभा आहे असं समजून, त्याला नाकारायचा. मग त्याला पूर्वेकडे वळवत. प्रकाशाची आणि आदामाच्या हरवलेल्या बागेची ती दिशा. मग कपडे उतरवले जात. प्रवचनकार आठवण करून देतात की वस्त्र उतरवणं म्हणजे जुना मनुष्य त्याच्या कर्मांसकट उतरवणं, आणि बागेत आदाम जसा न लाजता उभा होता तसे तुम्ही उभे होता. तेलानं अभ्यंग होई. ख्रिस्ताला वधस्तंभावरून थडग्याकडे नेलं तसं हौदाकडे नेत. विश्वास ठेवतोस का, असं विचारून तीनदा पाण्यात बुडवत, थडग्यातल्या तीन दिवसांची खूण म्हणून.

पाण्याखाली काय होतं, याविषयी त्या प्रवचनातलं म्हणणं असं: खाली जाताना रात्रीसारखं तुम्हाला काहीच दिसत नव्हतं, वर आलात तेव्हा दिवस होता, एकाच क्षणी तुम्ही मेलात आणि जन्मलात, तेच पाणी तुमचं थडगं झालं आणि तेच तुमची आई. गूढ अनुभवाची भाषा याहून पुढे क्वचितच गेली आहे. आणि ती किती सावध आहे! आपण खरोखर मेलो नाही, खरोखर पुरले गेलो नाही, हेही तिथं स्पष्ट सांगितलं आहे. अनुकरण खुणेनं झालं, तारण मात्र खरं मिळालं.

यातली मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती पुढची गोष्ट. या सगळ्याचा अर्थ लोकांना नंतर सांगितला जाई, ईस्टरच्या पुढच्या आठवड्यात. तयारीच्या काळात श्रद्धेची कलमं शिकवत, आचरण तपासत. पण ईस्टरच्या रात्री, प्रत्यक्ष बाप्तिस्म्याच्या वेळी, काय होणार आणि त्याचं मर्म काय, हे आधी उलगडत नसत. आधी अनुभव, मग शब्द. बाप्तिस्म्यानं समज येते असं ते मानत होते, समज आली म्हणून बाप्तिस्मा असं नव्हे. दुसऱ्या शतकाच्या मध्यात रोममध्ये लिहिणारे जस्टिन मार्टर यांनी या स्नानाला ‘प्रकाश मिळणं’ असंच नाव दिलं आहे, कारण त्यात बुद्धी उजळते.

सिरियातल्या दुरा-युरोपोस या नगरात तर प्रत्यक्ष खोली सापडली. 256 मध्ये ते नगर इराणच्या ससानी सैन्याने घेतलं. त्याआधी तटबंदी भक्कम करायला भिंतीलगतच्या इमारती मातीनं भरून टाकल्या होत्या, म्हणून ही खोली टिकली. एका राहत्या घराचं चर्च केलेलं होतं आणि त्यातल्या एका दालनात बाप्तिस्म्याचा हौद होता. 1930च्या दशकात तो उजेडात आला आणि तिथली चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलादालनात आहेत. हौदावर छत्री, तिच्यावर तारे, मागे मेंढपाळ, भिंतीवर पाण्यावरून चालू पाहणारा येशूचा शिष्य पेत्र, आणि दिवे घेऊन एका मोठ्या पांढऱ्या वास्तूकडे निघालेल्या स्त्रिया. ती वास्तू बहुतेकांना थडगं वाटते. काहींच्या मते ते वराचं घर आहे आणि स्त्रिया येशूच्या दृष्टान्तातल्या, वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींपैकी आहेत. पाण्यात उतरणाऱ्याला ती थडगं आणि लग्नघर अशी दोन्ही वाटली असेल, तर त्यात नवल नाही.

इथवर सगळं सुंदर आहे. पण एक अडचण जुन्या लोकांनीही लपवली नाही. पाण्यात उतरून तसाच्या तसा वर आलेल्या माणसाचं काय?

1945 मध्ये मिसरमधल्या नाग हम्मादीजवळ सापडलेल्या हस्तलिखितांत ‘फिलिपचं शुभवर्तमान’ नावाचा एक मजकूर आहे. चर्चनं तो शास्त्र म्हणून कधी स्वीकारला नाही. त्यात म्हटलं आहे की पाण्यात उतरून काहीच न मिळवता वर आलेला माणूस स्वतःला ख्रिस्ती म्हणवत असेल, तर ते नाव त्यानं व्याजानं उचललं आहे. ही टोचणी मुख्य प्रवाहातल्या शिक्षकांनाही होती. चौथ्या शतकातले निस्साचे ग्रेगरी मोशेच्या चरित्रावर लिहिताना तांबड्या समुद्राचा प्रसंग घेतात: इस्राएल लोक पार होतात आणि मिसरचा राजा फारो याचं पाठलाग करणारं सैन्य बुडतं. फारोचं सैन्य म्हणजे आपल्यातली लालसा, राग, मत्सर. पाण्यातून पार होताना ते सैन्य बुडायला हवं. पण पुष्कळ जण पार होतात ते सैन्याला बरोबर घेऊनच, आणि पलीकडच्या तीरावर जुन्याच मालकाची चाकरी चालू ठेवतात, अशी खंत ते बोलून दाखवतात.

उत्तर काय द्यायचं यावर बराच वाद झाला. मेसालियन नावाचा एक पंथ म्हणे, बाप्तिस्म्यानं पापाचं मूळ जात नाही, ते अखंड प्रार्थनेनंच जातं, आणि आत्म्याचा अनुभव आला तरच तो आला असं समजावं. 431 मध्ये इफिससच्या धर्मपरिषदेनं त्यांना दोषी ठरवलं. पाचव्या शतकातले मार्क तपस्वी या वादात शिरले आणि त्यांनी जी मांडणी केली ती मला आजही सर्वांत समाधानकारक वाटते. बाप्तिस्म्यात कृपा पुरेपूर दिली जाते, पण ती हृदयाच्या तळाशी लपलेली असते. आज्ञा पाळत, प्रेम करत जाल तशी ती उघड होत जाते. म्हणजे साधना करून आपण काही कमवत नाही. दिलेलंच सापडत जातं. त्याच शतकात फोटिकीचे बिशप डायडोकस यांनी हेच मनाच्या भाषेत सांगितलं. बाप्तिस्म्याआधी कृपा बाहेरून हाक मारते आणि वाईट आत बसलेलं असतं. नंतर कृपा आत येते आणि वाईटाला बाहेरून डोकवावं लागतं. वाईट विचार येणं थांबत नाही. तो कुठून येतो हे बदलतं, आणि ‘हा विचार म्हणजे मीच’ असं वाटेनासं होतं. ज्याने कधी शांत बसून स्वतःच्या मनाकडे पाहिलं आहे त्याला हा फरक केवढा मोठा आहे ते कळेल.

तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्याचा प्रश्नही यातच येतो. बाळाला कुठली आली जाणीव? 1525 मध्ये झ्युरिकमध्ये काही जणांनी याच कारणावरून मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या चळवळीतल्या अनेकांना त्यासाठी जीव गमवावा लागला. फेलिक्स मान्झ यांना तर 1527 मध्ये लिम्मात नदीत बुडवून मारलं. त्यांचा प्रश्न खरा होता. मार्क तपस्वींच्या मांडणीत त्याला जागा मिळते: बाळाला मिळालं ते खरंच मिळालं, पण त्याला ते जाणिवेनं ओळखावं लागेल. ‘नवे धर्मवेत्ते’ म्हणून ओळखले जाणारे कॉन्स्टँटिनोपलचे साधू सिमिऑन (949–1022) यावर फार कडक होते. आत्मा आपल्यात आहे आणि तरी त्याची जाणीवच नाही, हे त्यांना मान्य नव्हतं. बालपणी मिळालेला बाप्तिस्मा आपण मळवला, आता अश्रूंचा बाप्तिस्मा हवा, असं ते म्हणत. त्यांच्याआधी सातव्या शतकात सिनायच्या मठातले योहान यांनीही लिहिलं होतं की बाप्तिस्म्यानंतरचे अश्रू बाप्तिस्म्याहूनही मोठे, जरी असं म्हणणं धाडसाचं असलं तरी. या अश्रूंत दुःखाइतकीच सुटकाही असते. आवळून धरलेला ‘मी’ सैल होतो तेव्हा ते येतात. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरचा सूर वेगळा, पण गाभा तोच. 1529 च्या छोट्या प्रश्नोत्तरीत त्यांनी लिहिलं की आपल्यातला जुना आदाम रोज पश्चात्तापानं बुडायला हवा आणि रोज नवा माणूस उठायला हवा. एकदाचा विधी असा रोजचा होतो.

मग आत घडतं तेच खरं असेल, तर पाणी हवंच कशाला? सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर लोकांनी हाच प्रश्न विचारला आणि पाण्याचा विधी सोडूनच दिला. खरा बाप्तिस्मा आत्म्याचा, तो अंतरात होतो, असं ते आजही मानतात. त्यांची प्रामाणिकता मला आदरणीय वाटते, पण त्यांची वाट मला पटत नाही. मनाला स्वतःविषयी खोट्या कल्पना करायला फार सोपं जातं. अंग भिजल्याविषयी तसं करता येत नाही. शिवाय बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात दोन्ही क्रम आहेत. शोमरोनात लोकांचा बाप्तिस्मा आधी झाला आणि आत्मा नंतर उतरला. कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी आत्मा आधी उतरला, आणि तरीही पेत्रानं पाण्यानं बाप्तिस्मा द्यायला सांगितलं. आत्मा आलाच आहे, आता पाण्याचं काय काम, असं तो म्हणाला नाही. चौथ्या शतकातले सिरियन संतकवी एफ्रेम गातात की मरियेच्या उदरात अग्नी आणि आत्मा होता, तसाच तो यार्देनच्या पाण्यात होता आणि आपल्या बाप्तिस्म्यातही आहे. आत आणि बाहेर असे दोन कप्पे त्यांना दिसतच नव्हते.

आणखी एक धोका आहे. जाणिवेचं रूपांतर म्हटलं की लोकांना प्रकाश, दर्शन, समाधी असं काही तरी अपेक्षित असतं. पौलाचं ते प्रसिद्ध वाक्य, ख्रिस्त माझ्या ठायी जगतो, कुठल्या प्रसंगात आलं ते पाहिलं की ही अपेक्षा जमिनीवर येते. ते आलं जेवणाच्या पंगतीवरून झालेल्या भांडणात. अंत्युखिया शहरात पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे ज्यू नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमेहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं आली तेव्हा लोक काय म्हणतील या भीतीनं तो वेगळा बसू लागला. पौलानं त्याला सर्वांसमोर तोंडावर विचारलं. पेत्राचा तो जुना ‘मी’, लोकांच्या नजरेवर जगणारा, पाण्यातून जाऊनही पुन्हा वर आला होता. थोडं पुढे त्याच पत्रात पौल लिहितो की ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांनी ख्रिस्ताला परिधान केलं आहे; तिथं यहूदी आणि हेल्लेणी (ग्रीक), दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री असा भेद नाही. जाणीव बदलली की नाही हे पौल ध्यानाच्या खोलीत तपासत नाही. कुणाच्या शेजारी बसून जेवता, ते तो बघतो. बाप्तिस्म्यानंतरही माणसं वरची आणि खालची मोजली जात असतील, तर विधी झाला, पण बुडायचं ते बुडालं नाही.

हा बदल किती हळू होऊ शकतो हे निकदेम या ज्यू पुढाऱ्याकडे बघून कळतं. योहानाच्या शुभवर्तमानात तो रात्री येशूकडे येतो. नव्यानं जन्मल्याशिवाय देवाचं राज्य पाहता येत नाही, हे ऐकून तो गोंधळतो आणि विचारतो की म्हातारा माणूस जन्माला येईल तरी कसा. येशू त्याला पाण्यापासून आणि आत्म्यापासून जन्मण्याचं सांगतो, आणि मग वाऱ्याचं: तो हवा तिकडे वाहतो, आवाज ऐकू येतो, पण कुठून आला आणि कुठं चालला ते कळत नाही. निकदेमाला समजलं की नाही हे योहान लिहीत नाही. चार अध्यायांनी तो पुन्हा दिसतो, अधिकाऱ्यांच्या सभेत. माणसाचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय आपलं नियमशास्त्र त्याला दोषी ठरवतं का, एवढाच प्रश्न तो करतो आणि टोमणा खातो. शेवटी येशू मेल्यावर, शिष्य पांगलेले असताना, तो गंधरस आणि अगरूचं शंभर शेरांच्या आसपास मिश्रण घेऊन उघडपणे येतो आणि त्या देहाच्या दफनाला हात लावतो. त्याचा बाप्तिस्मा झाल्याचं योहान कुठंच सांगत नाही. पण आपली प्रतिष्ठा राखायला अंधारात आलेला माणूस ती पणाला लावायला तयार झाला, एवढं स्पष्ट दिसतं.

ज्यांचा बाप्तिस्मा कळण्याच्या आधीच झाला, त्यांच्यासाठी अनेक चर्चमध्ये ईस्टरच्या रात्री वचनं नव्याने घेतली जातात. मेणबत्त्या पेटवून तेच जुने प्रश्न पुन्हा विचारले जातात: सैतानाला नाकारतोस का, पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवतोस का. ती उत्तरं देताना कुणाला नाकारायचं आहे ते ठाऊक असलं तर बरं. बहुतेक वेळा तो आवाज ओळखीचाच निघतो. तू अमुक असशील तर सिद्ध कर, असं म्हणणारा.